भिंतीवरचे आणि दारातले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे पेपर सुरू झाले की आपल्या दैनिकात एक फोटो हमखास येतो. शाळेची मागची भिंत, भिंतीला टेकवलेली सायकल, सायकलच्या कॅरिअरवर उभा एक पोरगा आणि खिडकीच्या गजातून आत गेलेला त्याचा हात. यंदाही आला, पहिल्याच दिवशी, इंग्रजीच्या पेपरचा. फोटोबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की मी पेपर वाचायला लागल्यापासून आपण त्या भिंतीचाच फोटो छापत आला आहात. दाराचा एकदाही नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. परीक्षेच्या कामात जेवढी पदं असतात त्यातली बहुतेक भोगून झालीत. सुपरव्हिजन केली, रनर म्हणून पेपरचे गठ्ठे वाहिले, केंद्रसंचालक झालो, पेपर तपासले, मॉडरेटर झालो, एक्स्टर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलचा बाहेरचा परीक्षक म्हणून गावोगाव फिरलो. त्यामुळं ती भिंत मला आतल्या बाजूनं माहीत आहे. भिंतीवरून जे आत पडतं ते गाईडचं फाडलेलं पान असतं आणि निम्म्या वेळा ते भलत्याच प्रश्नाचं असतं. एकदा आम्ही जप्त केलेल्या ढिगात फिजिक्सच्या पेपरला जीवशास्त्राची चिठ्ठी निघाली होती. फेकणारा भाऊ स्वतःच दहावीला दोनदा बसलेला, त्याला तरी काय कळणार. आतलं पोरगं नापास व्हायचं ते होतंच. दारातून जे येतं त्याचा मात्र नेम चुकत नाही. ते आधी चप्पल काढतं, घरच्यांची खुशाली विचारतं, चहा घेतं आणि जाताना विषयही न काढता काम करून जातं.

हे मला 31 वर्षं ठाऊक होतं आणि 31 वर्षं दिसलं नव्हतं. दिसलं ते एका रुमानियन सिनेमामुळं, म्हणून हे पत्र.

दिवाळीत लेक पुण्याहून आली होती. तिनं मोबाइलवरून टीव्हीला जोडून तो सिनेमा लावला. मूळ नाव 'बाकालाउरेआत', म्हणजे त्यांच्याकडची बारावीची परीक्षा. दिग्दर्शक क्रिस्तियान मुंजिऊ. 2016 सालचा सिनेमा; त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक दुसऱ्या एका दिग्दर्शकाबरोबर विभागून मिळालं होतं. (त्याच वसंतात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. कानकडं बघायला कुणाला सवड होती?) खालच्या इंग्रजी ओळी वाचायला मला वेळ लागतो, म्हणून लेक मध्येमध्ये थांबवायची. त्या थांबवण्याचं महत्त्व पुढं सांगतो.

गोष्ट साधी आहे. छोट्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात रोमिओ नावाचा पन्नाशीच्या आसपासचा डॉक्टर आहे. हा रुग्णाकडून पाकीट न घेणारा माणूस. एकुलती एक लेक, एलिझा, हुशार. तिला इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळालेली; अट एकच, शेवटच्या परीक्षेत दहापैकी नऊची सरासरी पाहिजे. तिच्यासाठी ते पाणी पिण्यासारखं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेजवळ तिच्यावर एक माणूस हल्ला करतो. हाताला प्लास्टर, मन ठिकाणावर नाही, पेपर बिघडणार. शाळा तर तिला प्लास्टर घेऊन आत सोडायलाही कचरते. प्लास्टरमध्ये कॉपी असली तर? हा प्रसंग बघून मी मोठ्यानं हसलो. प्लास्टरचं प्रकरण आम्हीही निस्तरलेलं आहे.

आणि मग बाप कामाला लागतो. त्याचा एक मित्र पोलिसात आहे. मित्र सांगतो, उपमहापौराला यकृत बदलून पाहिजे, यादीत नंबर लागत नाही, तू डॉक्टर आहेस. उपमहापौराचे उपकार परीक्षा समितीच्या प्रमुखावर आहेत. प्रमुख म्हणतो, पोरीनं पेपरच्या पहिल्या पानावर ठरलेले शब्द खोडावेत, म्हणजे तिचा पेपर ओळखू येईल. झालं. एक रुपया या हातातून त्या हातात जात नाही. कुणी कुणाला धमकावत नाही. सगळे एकमेकांशी इतके अदबीनं बोलतात की बघणाऱ्याला वाटावं सोयरीक जमवायला बसलेत. उपमहापौर तर भला माणूस वाटतो, आजारी, थकलेला. समितीचा प्रमुखही भला. डॉक्टर तर भलाच. मी मुद्दाम शोधत होतो, यात दुष्ट कोण? पोरीवर हल्ला करणारा सोडला तर सापडला नाही.

डॉक्टरची बाकीची भानगडही आहे, दुसरी बाई आहे, तीही लेकीच्याच शाळेत शिक्षिका. बायको घरात गप्प. त्यावर मी फार लिहीत नाही, पण एक लक्षात आलं. घरात वर्षानुवर्षं खोटं बोलण्याचा सराव असला की बाहेर खोटं बोलताना जीभ अडखळत नाही.

सिनेमा सुरू होतो तो घराच्या खिडकीवर येऊन पडलेल्या दगडानं. काच फुटते. दगड कुणी मारला हे शेवटपर्यंत कळत नाही. लेकीची चुलत सासू सोबत बघत होती, ती शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, दगडाचं काय झालं?" मी म्हटलं, सांगणार नाहीत. मलाही आधी राग आला होता. नंतर रात्री पडल्यापडल्या वाटलं, त्याला मारायचं कारण असलेली माणसं गावात इतकी असतील की एकाचं नाव सांगून बाकीच्यांना सोडायचं कसं?

आता हा देश कुठला ते थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचक म्हणतील, सर रिटायर होऊन रुमानियाचं काय घेऊन बसले. तिथं चाऊशेस्कूची कम्युनिस्ट राजवट होती. डिसेंबर 1989 मध्ये लोक रस्त्यावर आले आणि नाताळच्या दिवशी त्याला बायकोसकट गोळ्या घातल्या. त्या राजवटीत दुकानं रिकामी असायची, म्हणून कामं पैशानं नव्हे, ओळखीनं व्हायची. डॉक्टरला द्यायचं तर अमेरिकन केंट सिगारेटचं पाकीट. ओढायला नव्हे, ते पाकीट न फोडता पुढं दुसऱ्याला द्यायचं, नोटेसारखं. कम्युनिस्ट पक्षाच्या नावाची आद्याक्षरं पीसीआर. लोक म्हणायचे, त्याचा अर्थ 'वशिला, ओळखी आणि नाती'. त्यांच्या भाषेत ते तीन शब्द नेमके त्याच अक्षरांनी सुरू होतात. पक्ष गेला. अक्षरं राहिली.

सिनेमातला डॉक्टर आणि त्याची बायको परदेशात होते, 1991 मध्ये मुद्दाम परत आले. आता नवा देश घडवायचा म्हणून. नाही घडला. म्हणून त्याचा एकच ध्यास, लेकरानं इथं राहायचं नाही. तिला स्वच्छ देशात पाठवायचं, आणि पाठवण्यासाठी हात घाण करायचे. सिनेमाचं चित्रीकरण व्हिक्टोरिया नावाच्या गावात झालंय, कम्युनिस्टांनी रसायनांच्या कारखान्याभोवती वसवलेलं गाव. एकसारख्या इमारती, मध्ये मोकळी मैदानं, मागं डोंगर. कारखान्याच्या वसाहती जिथं जिथं बघितल्यात तिथली कळा अशीच असते, रंग तेवढा वेगळा.

1991 ला परत येणारं ते जोडपं बघून मला माझे वडील आठवले. इथं कम्युनिस्ट नव्हते, निजाम होता. वडील विशीचे असताना निजामाविरुद्धच्या लढ्याच्या उमरखेडच्या कॅम्पवर निरोप नेण्याआणण्याचं काम करायचे. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, वडील गावी परत येऊन शाळामास्तर झाले. त्यांनाही वाटलं होतं, आता महसुलाच्या गिरदावर साहेबाला कोंबडी द्यावी लागणार नाही. पुढं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली. कॅम्पवर असल्याचा दाखला दुसऱ्या सैनिकाकडून घ्यायचा होता. दाखला देणाऱ्यानं रक्कम सांगितली. वडील उठून आले आणि पुन्हा गेले नाहीत. आमच्या गल्लीत पेन्शन आली ती 1948 साली पाळण्यात असलेल्या माणसाला. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते आपल्याच पानांवर वाचलंय. आई वडिलांना मरेपर्यंत त्या पेन्शनवरून टोचायची. मी लहानपणी वडिलांच्या बाजूचा होतो. लग्न झाल्यावर आईच्या बाजूचा झालो, हे मात्र कुणाला कळू दिलं नाही.

तर आता माझं.

साल 2001. लेक बारावीला, परभणीतल्याच एका कॉलेजात, माझ्या नव्हे. त्या काळी इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या ग्रुपवर व्हायचा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. एका मार्कानं यादीत किती पोरं पुढं-मागं होतात हे मीच वर्गात फळ्यावर मांडून दाखवायचो. पोरगी हुशार होती, पण हाताची घाबरट. प्रॅक्टिकलला तिची ब्युरेट, थेंबथेंब द्रावण सोडायची मापाची नळी, थरथरायची.

तिच्या कॉलेजला एक्स्टर्नल म्हणून आले ते माझ्या चांगल्या ओळखीचे, दुसऱ्या जिल्ह्यातले. लॉजवर कशाला उतरता, म्हणून मी स्टँडवरून माझ्या स्कूटरवर त्यांना घरी आणलं. सौभाग्यवतीनं पुरणपोळीचा बेत केला. जेवणानंतर गच्चीवर पान खात बसलो होतो, फेब्रुवारीची सुखद रात्र होती. ते म्हणाले, "ताई कोणत्या बॅचला?" मी म्हणालो, "दुसऱ्या." ते म्हणाले, "बरं." मग आम्ही पगाराच्या थकबाकीवर तासभर बोललो. एवढंच. जिची चौकशी लावता येईल असं त्या रात्री काही घडलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या साडूचा मुलगा माझ्या केंद्रावर होता. त्यांनी फोनही केला नाही. कुणाच्या तरी बोलण्यातून ते माझ्या कानावर आलं, मी काय करायचं ते केलं. त्या पोराला पिपेट धरता येत नव्हती.

लेकीला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मिळाले. पुण्याला चांगल्या कॉलेजात प्रवेश झाला, आता तिथंच नोकरी, फ्लॅट, सगळं व्यवस्थित. आमच्याकडचं केंब्रिज म्हणजे पुणे. संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या स्टॉपवर जाऊन बघा, नांदेड, लातूर, परभणीतले किती रोमिओ लेकरांच्या बॅगा डिकीत ठेवत उभे असतात. मीही होतो. गाडी निघाली तेव्हा डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, गच्चीवरची ती रात्र मनात आलीसुद्धा नाही.

पुढं 24 वर्षं गेली. मधल्या काळात नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि त्या जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला. मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून त्यांचं कौतुक केलं. गंमत म्हणजे त्याच सुमाराला, 2011 मध्ये, रुमानियानंही परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसवले आणि निम्म्याहून जास्त पोरं नापास झाली. कॅमेरा भिंतीवरच्याला धरतो. गच्चीवर कॅमेरा नसतो. नंतर 2024 ला नीटचं प्रकरण झालं, 67 जणांना 720 पैकी 720, आणि तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांची नावं निघाली. तेव्हा मी सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये म्हणालो होतो, "मास्तरकीला काळिमा फासला." आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडं बघून काहीच बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते आता समजतंय. माझ्या लेकीची ती प्रॅक्टिकलची बॅच त्यांच्याच कॉलेजची होती.

आता सिनेमाकडं येतो. ज्यांना बघायचाय त्यांनी हा भाग सोडून द्यावा. शेवटी बाप लेकीला विचारतो, की ते शब्द खोडलेस का? ती म्हणते, नाही. मी रडले, म्हणून त्यांनी मला थोडा जास्त वेळ दिला. बाप ऐकतो. नंतर निरोपाच्या समारंभात मित्रमैत्रिणींबरोबर उभ्या लेकीचा तो फोटो काढतो, सगळी लेकरं हसतायत, आणि सिनेमा संपतो.

माझ्या लेकीनं इथं रिमोट दाबून चित्र थांबवलं. वाटलं, ओळी वाचायला वेळ देतेय. ती टीव्हीकडं बघतच म्हणाली, "पप्पा, माझं रीडिंग 10.6 आलं होतं."

मला लगेच कळेना.

"टायट्रेशनचं. लॅबवाल्या काकांनी चिठ्ठी दिली होती, 9.8. एप्रनच्या खिशात होती. माझं तीनही वेळा 10.6 आलं. मी 10.6 च लिहिलं."

त्या लॅब असिस्टंटला मी काही सांगितलं नव्हतं हो. सांगावं लागलं नाही. सरांची मुलगी, एवढं पुरेसं होतं. आदल्या दिवशी तो मला रस्त्यात भेटला होता आणि म्हणाला होता, "सर, काय उगं टेन्शन घ्यायलात? आम्ही हाव की." मी मान हलवली होती, एवढंच.

आता माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? माफी नाही, स्पष्टीकरण नाही. मी म्हणालो, "कोनिकल फ्लास्क ऑक्झॅलिकनं धुतला असशील." कारण तीनही वेळा तेवढंच जास्त येतंय म्हणजे हात थरथरल्याचा दोष नव्हे, धुण्याचा. पिपेट ज्या द्रावणाची तिला त्या द्रावणानं धुवायचं, ब्युरेटलाही तिच्या द्रावणानं. फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानं. नाहीतर आधीचंच थोडं ॲसिड तळाशी राहतं आणि वरून पोटॅशियम परमँगनेट कितीही मापून सोडा, गुलाबी रंग यायला उशीर होतो. दरवर्षी निदान दहा पोरं ही चूक करायची. मी वर्गात सांगायचो ना! लेक हसली आणि म्हणाली, "हो, ऑक्झॅलिकनंच धुतला होता." मग हसायची थांबली.

मी विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, "निकालाच्या दिवशी तुम्ही पेढे वाटत होतात."

म्हणजे 24 वर्षं तिला माहीत होतं, की आपण चुकीचं लिहिलं आणि पूर्ण मार्क पडले. आणि मला वाटत होतं की मी तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय. तिच्यामुळं यादीत एक घर खाली सरकलेलं पोरगं कोण, कुठल्या गावचं, त्याच्या बापाला गच्ची होती की नाही, याचा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, पोरगी खरी निघाली, बरं झालं. मलाही वाटलं. पण संपादक महोदय, गोष्ट इथं थांबत नाही, आणि मला वाटतं त्या दिग्दर्शकालाही शेवटच्या त्या अश्रूंबद्दल हेच दाखवायचं असावं. एलिझानं शब्द खोडले नाहीत, पण रडल्यावर वेळ वाढवून मिळतो हे तिला कळलं. पहिली पायरी एवढीच असते. तिथं कुणाला पाप वाटत नाही.

माझी लेक दिवाळीला आली ती एक काम घेऊन. नात यंदा दहावीला आहे. अकरावीला पुण्यात मोठा क्लास लावायचा, दिवसभराचा. कॉलेजला जायला वेळ नाही. तेव्हा मराठवाड्यातलं एखादं कनिष्ठ महाविद्यालय बघायचं, जिथं नाव राहील, हजेरी कागदावर लागेल, पोरीनं फक्त प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या पेपरला यायचं. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालेत, पण हजेरीचं काय करायचं ते अजून कॉलेजात खुर्चीवर बसूनच ठरतं. "तुमची ओळख आहे पप्पा, एक शब्द टाका." हे ती सिनेमा लावायच्या दोन दिवस आधी बोलली होती. सिनेमा झाल्यावर, ते 10.6 सांगून झाल्यावर, मला वाटलं होतं आता ती हे काम मागं घेईल. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, अगं, काल तर... ती म्हणाली, "ते वेगळं, हे वेगळं. यात कुणाचा नंबर मागं जात नाही. आणि हे सगळेच करतात."

तिचं पूर्ण खोटंही नाही. सगळेच करतात. खेड्यातल्या कॉलेजच्या पटावर पोरांची नावं असतात, पोरं लातूरला किंवा पुण्याला असतात, आणि वर्गात बाकांवर धूळ असते. प्राध्यापक बिचारे रिकाम्या वर्गाची हजेरी मांडतात. मी अशी कॉलेजं एक्स्टर्नल म्हणून बघितलीत. पोरांना लॅबचा दरवाजा कोणत्या बाजूला आहे हे परीक्षेच्या दिवशी कळतं. आणि त्यांना 30 पैकी 28, 29, 30. त्यातल्या बऱ्याच सह्या माझ्या आहेत.

आपल्याकडं एक मागणी आहे. भिंतीचा फोटो छापायचा तर छापा, पण त्याच पानावर एक तक्ता छापा. माहितीच्या अधिकारात बोर्डाकडून मागवा: आपल्या आठ जिल्ह्यांतल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाची सरासरी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची, लेखीची 70 पैकी आणि प्रॅक्टिकलची 30 पैकी, शेजारी शेजारी. नुसते दोन रकाने. टिप्पणी लिहू नका, अग्रलेख तर मुळीच नको. जिथं लेखीला 25 आणि प्रॅक्टिकलला 29 दिसेल, तिथल्या गच्चीवर कोण कोण पान खात बसलं होतं ते गावाला आपोआप कळेल. माझ्या जुन्या कॉलेजपासून सुरुवात केलीत तरी माझी हरकत नाही.

नाव छापू नये ही विनंती. स्वतःसाठी नव्हे, असं लिहिणार होतो, पण ते अर्धंच खरं आहे. माझं नाव आलं की त्या लॅब असिस्टंटचं नाव लोक लगेच ओळखतील. तो आता सत्तरीला आलाय, दर सणाला मला भेटायला येतो, आणि त्या चिठ्ठीबद्दल त्याला अजूनही वाटतं की त्यानं माझ्यावर उपकार केले.

नातीच्या कामाचं म्हणाल तर ते अजून लोंबकळतंय. ज्यांच्याशी बोलायचं ते प्राचार्य माझेच विद्यार्थी. त्यांचा नंबर लेकीनं जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, नवं वर्ष लागलं तेव्हा मीच तो जुन्यावरून नव्यावर उतरवून घेतला. लेकीचा दर रविवारी फोन येतो, "पप्पा, बोललात का?" मी सांगतो, साहेब बाहेरगावी आहेत. ते बाहेरगावी नाहीत. परवाच मंडईत भेटले, माझ्या हातातली मेथीची पिशवी स्वतः घेऊन गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "सर, काही काम असलं तर हक्कानं सांगत जा."

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, परभणी
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)